आत्याच्या पट्टीतली गाणी

माझ्या गाण्यांबद्दल कुणी लिहिलं की त्यात ‘मिनिमल’ हा शब्द येतोच. चार-पाच सुरांत फिरणारी चाल, छोट्या ओळी, ओळींच्या मधे मोकळी जागा, वर न चढणारा आवाज, आणि शेवट असा की गाणं संपलं का हे कळायला ऐकणाऱ्याला थोडा वेळ लागावा. एका भल्या माणसाने मुलाखतीत मला विचारलं होतं की ही शैली मी जाणीवपूर्वक घडवली का, आणि माझ्या संगीतात मौनाचं स्थान काय. मी सांगितलं की माझ्या आत्याला एका दमात त्याहून जास्त गाता येत नव्हतं. त्याला वाटलं मी गंमत करतेय. तो मनापासून हसला आणि छापताना नेमकं तेवढंच वाक्य गाळलं. तेव्हा आता मीच लिहिलेलं बरं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्ही डोंबिवलीचे, ती आंबिवलीची. तिचे यजमान गेल्यापासून ती तिथे एकटीच राहते. नोकरी शाळेत शिकवण्याची होती, पण आमच्या गोतावळ्यात तिला कुणी बाई म्हणून ओळखत नसे. ती मंगलाष्टका म्हणणारी आत्या होती. लग्न ठरलं की हॉलच्या आधी तिची तारीख विचारायचे. गुरुजींची संस्कृत अष्टकं झाली की घरच्यांची मराठी, आणि ती आत्याच म्हणणार. तिचा आवाज उंच, टाचणीसारखा टोकदार. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ला ती जी वर चढायची ती उतरायचं नाव घ्यायची नाही. गुरुजी घड्याळाकडे बघायचे, वाजंत्रीवाला काठ्या हवेत धरून थांबायचा, आणि ती मात्र डोळे मिटून ‘लम्’वर बसलेली असायची. मग एकदाचं ‘शुभमंगल सावधान’ यायचं आणि सगळ्या हॉलमधून अक्षता उडायच्या. लहानपणी मला वाटायचं की लग्न लागतं ते आत्याच्या त्या सुरामुळे, बाकीचं सगळं नुसतं करायचं म्हणून करतात.

अष्टकं लिहायची मात्र तिला जमत नसत. वृत्त कळायचं, चूक लगेच पकडायची, पण स्वतः शब्द जुळवायला बसली की चिडायची. मी शाळेत निबंधात बरी होते म्हणून तिने मला धरलं. शार्दूलविक्रीडित मला शाळेत शिकवायच्या आधी तिने स्वयंपाकघरात ओट्यावर टिचक्या वाजवून शिकवलं. माझं गीतलेखनाचं शिक्षण विचाराल तर तेवढंच, आणि ते फार कडक होतं. अष्टकात नवरानवरीचे आईवडील यायला हवेत, आजी-आजोबा यायला हवेत, काका, मामा, मावश्या, करवली, सगळे. आलेल्यातला एकही माणूस सुटता कामा नये. एकदा एका लग्नात नवरीच्या मामांचं नाव काही केल्या वृत्तात बसेना, म्हणून मी ‘मामा सर्व’ असं म्हणून भागवलं. मामा थेट रत्नागिरीहून आले होते. ते जेवायलाच बसेनात. सगळे मामा म्हणजे मी कोण, असं त्यांचं म्हणणं. शेवटी आत्याने त्यांच्या खुर्चीपुढे उभं राहून त्यांच्या नावाचं एक कडवं जागच्या जागी म्हटलं, वृत्त चुकवून, तेव्हा कुठे त्यांनी पान वाढू दिलं. परत येताना ती मला म्हणाली की शब्द सुंदर नसले तरी चालतील, माणूस गाळायचा नाही.

एकच माणूस कुठल्याच अष्टकात नसायचा, तो म्हणजे आत्या. म्हणणारीने स्वतःचं नाव घालायचं नसतं, अशी आमच्याकडची रीत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

कॉलेजात गेल्यावर हे सगळं मला गावठी वाटायला लागलं. मी गिटार घेतली, दोन मित्र आणि एक मैत्रीण जमवली आणि आम्ही इंग्रजीत गाणी केली. मग मराठीत केली. त्यात चांदणं होतं, वादळ होतं, तुटलेली स्वप्नं होती, आणि दर गाण्याच्या शेवटी मी आत्यासारखी वर चढून ओरडायचे. फरक इतकाच की आत्याचा आवाज वर जायचा आणि माझा फाटायचा. घोडबंदर रोडवरच्या एका कॅफेत आम्हाला शनिवारी संध्याकाळी गायला बोलवायचे. लोक त्या ट्रॅफिकमधून वैतागून आलेले, त्यांना कॉफी हवी असायची. मी जोरात गायचे, ते जोरात बोलायचे. मी आणखी जोरात गायले की तेही आणखी जोरात. मैत्रीण म्हणायची, “अगं, ऐकतायत ते, फक्त दाखवत नाहीयेत.” तिचा हा चांगुलपणा मला अजून आठवतो. पुढे तिला बंगलोरला नोकरी लागली, मित्र आपापल्या वाटेने गेले, आणि मला त्याच रस्त्यावरच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम मिळालं. ते मी आजही करते. माझ्या पोटाची काळजी गाण्यांवर टाकायची नाही, एवढं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्याच सुमारास आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती, काढणं भाग होतं. आवाजाच्या शिरेला धक्का लागू शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. गाठ साधी निघाली, आम्ही देवाचे आभार मानले, पेढे वाटले. पण आत्याचा आवाज गेला तो गेलाच. काही महिन्यांनी जे परत आलं ते दुसरंच काहीतरी होतं. जाड, घोगरं, अर्धी हवा आणि अर्धा सूर. फोन केला की लोक म्हणायचे, “दादा, जरा बाईंना देता का?” पहिल्यांदा ती हसली. मग तिने फोन उचलणं बंद केलं.

आणि लग्नांना ती उशिरा यायला लागली. हे वाक्य वाचून ज्यांना काही वाटणार नाही त्यांनी आमच्या आत्याला पाहिलेलं नाही. मुहूर्ताच्या तासभर आधी हॉलवर हजर असणारी बाई, ती आता अक्षता पडून गेल्यावर, लोक आहेराच्या रांगेत लागल्यावर गुपचूप मागच्या दाराने यायची, जेवायची आणि जायची. तिने कुणाला काही सांगितलं नाही, आम्ही कुणी काही विचारलं नाही. घरातले सगळे तिच्याशी फार जपून वागत होते. मंगलाष्टकांचा विषय निघाला की कुणीतरी भाजीचा विषय काढायचं. त्या जपण्याचा मला इतका राग यायचा, आणि मीही तेच करत होते.

स्पीच थेरपी करणाऱ्या बाईंनी तिला व्यायाम दिले होते. श्वास घ्या, ‘म्’ म्हणत सोडा, ‘आ’ धरा, ‘ऊ’ धरा. आयुष्यभर वर्गाला ‘परत म्हणा’ सांगितलेल्या बाईला आता कुणीतरी परत म्हणा म्हणत होतं, ते तिला मुळीच खपत नव्हतं. आईने मला रविवारी आंबिवलीला पिटाळायला सुरुवात केली, आत्याकडून व्यायाम करून घ्यायला. आत्या दारातच सांगायची की चहा पी आणि जा.

“मी काय आ-ऊ करत बसू? त्याला काही अर्थ आहे का?” असं ती एका रविवारी म्हणाली. अर्थ हवा असेल तर मी शब्द देते, असं मी म्हटलं. गिटार सोबत होती. आधी आम्ही शोधलं की तिला सूर कुठले लागतात. खालचा सा नीट लागत होता. रे, ग, म ठीक. पंचम मूड असेल तर. त्याच्या वर नुसता वारा. एका श्वासात चार-पाच शब्द, मग थांबायचं, परत हवा भरायची. एवढ्या जागेत जे बसेल ते मी त्याच दुपारी बांधलं. समोर ओट्यावर फडक्यात बांधलेले वाल होते, तर वालांवरच:

वाल भिजवलेत,
फडक्यात बांधलेत,
घाई करू नको,
मोड आपले येतील.

आत्या म्हणाली की हे काय गाणं झालं. मी म्हटलं, गाणं नाही, व्यायाम आहे. तसं म्हटल्यावर ती म्हणायला तयार झाली. ‘येतील’ला चाल वर न्यायची माझी सवय होती, तिला ते जमेना, म्हणून मी शेवट खाली उतरवला. ती उतरली आणि ‘ल’ हवेतच विरला. खिडकीबाहेर कुणीतरी गादी झोडपत होतं, तेवढाच आवाज. मला त्या वेळी नीट कळलं नाही की काय झालं, पण इतकी वर्षं मी जोर लावून जे शोधत होते ते तिथे, वालांच्या शेजारी, आपोआप येऊन बसलं होतं.

मग दर रविवारी एक गाणं. गॅसचा सिलिंडर संपला त्यावर, शेजारच्यांनी गच्चीत वाळत घातलेल्या सांडग्यांवर, शाळेतल्या तिच्या जुन्या मैत्रिणीवर जी आता कुणालाच ओळखत नाही. माणूस गाळायचा नाही ही तिची शिकवण माझ्या हातात मुरलेली होती, त्यामुळे गाण्यांतही खरी माणसं यायला लागली, तिच्या सासूबाई, नणंद, दूधवाला. चांदणं आणि वादळ आपसूक गळून पडलं. तिच्याबरोबर म्हणायचं म्हणून मीही तिच्याच पट्टीत गायचे, आणि तिथे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा स्वतःचा आवाज तिथेच राहतो. मी उगीचच इतकी वर्षं त्याला वरच्या मजल्यावर हाका मारत होते.

वालांचं गाणं मी घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकलं, सहज. आत्याला विचारून. ती म्हणाली टाक, कोण ऐकणार आहे. लोकांनी ऐकलं. कुणी परीक्षेच्या आदल्या दिवशी ऐकलं, कुणी मूल होत नव्हतं त्या वर्षात, एका बाईने लिहिलं की सासऱ्यांच्या उशाशी हॉस्पिटलात बसून तिने ते रोज लावलं. मी एवढं काही लिहिलेलं नव्हतं, मी खरंच वालांबद्दल लिहिलं होतं. पुढची गाणीही टाकली. ठाण्यात एका छोट्या सभागृहात पहिला कार्यक्रम झाला, मग पुण्यात, मग नाशकात. मी स्टूलवर बसते, गिटार हळू वाजवते, आणि लोक ऐकतात. घोडबंदरच्या कॅफेची सवय झालेल्या मला ते अजून खरं वाटत नाही. दर वेळी सुरुवातीला मी मनातल्या मनात थँक्यू म्हणते, आणि ते कुणाला हे मला पक्कं माहीत असतं.

पण तिला मी ते कधी सांगितलं नव्हतं. तिच्यासमोर आभार मानणं म्हणजे तिचा आवाज गेला म्हणून माझं भलं झालं असं म्हणण्यासारखं होतं, आणि ते कुठल्या तोंडाने म्हणायचं. शिवाय माझं नाव होत होतं आणि ती अजूनही लग्नांना मागच्या दारानेच येत होती. घरात चार भिंतींत ती गायची, पण चार माणसांत एक अक्षर नाही. तेवढं एक बदललं पाहिजे असं मला फार वाटायचं. बाकी माझ्या गाण्यांचं काय व्हायचं ते होवो.

मग माझ्या धाकट्या काकांच्या मुलाचं लग्न ठरलं, कल्याणला. त्याचा मला फोन. “ताई, मंगलाष्टका तूच म्हणायच्या हां. तू आता फेमस आहेस, आपण मस्त रील करू.” मी विचारलं, आणि आत्या? तो गडबडला. तो चांगला मुलगा आहे, आत्याच्या कडेवर वाढलेला. म्हणाला, “अगं, तिला कसं विचारायचं? तिला वाईट वाटेल ना. तू म्हटलीस तर तिलाही बरंच वाटेल.” घरात सगळ्यांचं हेच मत होतं. कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं, आणि सगळ्यांनी मिळून, अगदी मायेने, तिला कायमची खुर्चीत बसवून टाकलं होतं.

मी अष्टकं लिहायला घेतली. पूर्वी नऊ-दहा जणांना एका कडव्यात कोंबायचं कसब होतं, ते गंजलं नव्हतं. चाल मी जुनी ठेवली नाही. शार्दूलविक्रीडितच, पण आत्याच्या पाच सुरांत बांधली, मधे श्वासाला जागा ठेवून आणि ‘मंगलम्’ खाली उतरवून. का तशी बांधली? मला आता दुसरी चाल येतच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. लिहिताना माणसं मोजत गेले तर या वेळी एक माणूस वाढलं होतं. म्हणणारी मी असेन तर आत्या अष्टकात यायला हवी. ती तर नवऱ्याची सगळ्यात मोठी आत्या. तिला गाळून कसं चालेल? ओळ वृत्तात चटकन बसली.

रविवारी आंबिवलीला जाऊन मी तिला कडवी म्हणून दाखवली. ती डोळे मिटून, गुडघ्यावर टिचक्या वाजवत ऐकत होती. आजोबांच्या उल्लेखाला मान हलवली. वहिनीच्या ठिकाणी एक मात्रा अडखळली ती दुरुस्त केली. मग ती ओळ आली:

आत्याही जवळी बसून हसते, आशीष देई सदा.

टिचकी थांबली. तिने डोळे उघडले. ओळ परत म्हणायला लावली. मी परत म्हटली.

“मी बसून हसते?” ती म्हणाली.

मी म्हटलं की वृत्तात तसंच बसत होतं. ती उठली, ओट्यावरचं पातेलं उगीच तिथून इथे ठेवलं, परत जागेवर ठेवलं. ती इतका वेळ पाठमोरी उभी राहिली की मला वाटलं आता ही मला घालवून देणार. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःला त्या गर्दीत पाहिलं असावं, आजी-आजोबांच्या शेजारी, आशीर्वाद द्यायला बसवलेल्या माणसांत. मला भयंकर वाईट वाटलं आणि, खरं सांगते, थोडी आशाही वाटली.

“काढ ती ओळ,” ती पाठमोरीच म्हणाली.

“का? तूच सांगतेस ना, माणूस गाळायचा नाही.”

“म्हणणारीचं नाव अष्टकात घालत नाहीत.”

मी गिटार उचलली. बोलले असते तर तिने विचार बदलला असता. गिटारवर सा धरला आणि पहिल्या कडव्याला सुरुवात केली, आणि ती, ओट्याकडे तोंड करूनच, माझ्या सुरात येऊन मिसळली.

लग्नाच्या दिवशी ती मुहूर्ताच्या खूप आधी हॉलवर आली, पुढच्या दाराने, तिच्या त्या जुन्या मोतिया रंगाच्या नारायणपेठीत. काकू तिला पाहून म्हणाल्या की अगंबाई, वन्सं आज लवकर, आणि लगेच स्वतःची जीभ चावली. आत्या म्हणाली की काम आहे. घरात मी कुणाला सांगितलं नव्हतं. चुलतभावाला तेवढं सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, “ताई, पण होईल ना नीट?” होईल, असं मी म्हटलं. मला स्वतःला काहीच खात्री नव्हती.

गुरुजींची अष्टकं झाली. अंतरपाट धरलेला, हॉल भरलेला, दर दोन खुर्च्यांमागे एक गप्पांचा फड. अक्षता वाटून झालेल्या, सगळ्यांच्या मुठी बंद. आत्या माइकपाशी गेली, मी तिच्या शेजारी उभी राहिले. तिने सुरुवात केली. तो घोगरा आवाज स्पीकरमधून आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या काही माना वर झाल्या. मागे गप्पा चालूच. ती गात राहिली, जिथे श्वास तिथे थांबत, जिथे सूर तिथे टेकत. शेवटी ‘कुर्यात् सदा मंगलम्’ आलं आणि आम्ही बांधलं होतं तसं ते खाली उतरलं, हळू, आणि ‘शुभमंगल सावधान’ त्याच्या पाठोपाठ, जवळजवळ बोलल्यासारखं.

आणि एकही अक्षत पडली नाही.

सगळा हॉल मुठी धरून थांबलेला. लोकांना कळलंच नाही की कडवं संपलं. आमच्या लोकांचा हात अक्षता टाकायला उठतो तो त्या वर चढलेल्या सुरावर. शब्द कोण ऐकतं. तो चढच मी काढून टाकला होता. वाजंत्रीवाला गुरुजींकडे बघतोय, गुरुजी आत्याकडे. अंतरपाट धरलेल्या मामांचे हात खाली-वर व्हायला लागले. इतकी वर्षं ज्या शेवटांचं लोक कौतुक करत होते, त्यातला एक शेवट मी भर मांडवात, माझ्या आत्याच्या गळ्यात बांधून दिला होता. चुलतभाऊ माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता ही माइक माझ्या हातात देईल आणि परत कधी कुठल्याच लग्नाला येणार नाही.

आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. माइकच्या जवळ तोंड नेऊन ती, अगदी चौथीच्या वर्गाला सांगावं तशी, म्हणाली, “संपलं. टाका अक्षता.”

हॉल हसला. मोठ्याने, मोकळेपणी, दोन्हीकडचे एकदम. अंतरपाटामागे नवरी इतकी हसली की तिच्या मुंडावळ्या हलताना माझ्या चुलतभावाला कडेने दिसल्या म्हणे. तांदूळ पडले, वाजलं, आणि आत्याही हसत होती, उभ्याने.

मग तिने दुसरं कडवं सुरू केलं आणि हॉल गप्प झाला. पुन्हा फजिती नको म्हणून असेल, संपेल कधी ते कळायला हवं म्हणून असेल, पण लोक ऐकायला लागले. मागच्या रांगा ऐकायला लागल्या. दाराशी पान लावणारा थांबला. कुणाकुणाच्या आजीचं, मावशीचं नाव आलं की तिथे तिथे चेहरे उजळत होते, कारण आमच्याकडे पहिल्यांदाच अष्टकातले शब्द लोकांना ऐकू येत होते. पूर्वी आत्याच्या उंच आवाजाचं कौतुक व्हायचं, पण तिने नाव कुणाचं घेतलं हे फक्त त्या नावाच्या माणसालाच कळायचं. आता एका आजोबांनी स्वतःचा उल्लेख ऐकून हळूच टोपी नीट केली. ‘मंगलम्’ खाली उतरलं, सावधान झालं, आणि अक्षता पडल्या, सगळ्यांच्या एकदम. तिसऱ्यालाही तसंच. मी शेजारी उभी होते, मला म्हणायचं काही उरलंच नव्हतं. मी रडत होते आणि त्याची मला लाज वाटत नव्हती. मी आजवर दिलेल्या सगळ्या कार्यक्रमांत मिळून जे जेमतेम साधलं असेल, ते ती पाचशे जेवायला आलेल्या माणसांसमोर, एका माइकवर, कुठल्याही मौनाची चर्चा न करता करत होती.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी आइस्क्रीमच्या वाट्या घेऊन बसलो होतो. नवरीकडच्या एक बाई शोधत शोधत आत्यापाशी आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, ठाण्याला, दिवाळीनंतर. म्हणाल्या, तुम्ही म्हणाल का आमच्याकडे, आम्हाला अशाच हव्यात, ऐकू येतील अशा. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ती घाईघाईने सांगायला लागली की ही माझी भाची, खरी गाणारी ही, हिची गाणी मोबाइलवर असतात, तुम्ही ऐकली असतील. बाईंनी ऐकली नव्हती. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि आत्याला म्हणाल्या, “हो का? म्हणजे तुमच्याकडेच शिकते वाटतं.”

आत्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. चुकीचं काही कानावर पडलं की दुरुस्त केल्याशिवाय तिला राहवत नाही.

“हो,” मी म्हटलं. “त्यांच्याकडेच शिकले. अजून शिकते.”

आत्याचं तोंड मिटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, चूक शोधत असल्यासारखं. तिला ती सापडली नसावी. वाटी खाली ठेवून तिने पदराने हात पुसला आणि त्या बाईंना म्हणाली, “येऊ की. आम्ही दोघी येऊ.”